राजाने अंडे घातले!

गेल्या वर्षीच्या फेब्रुवारीतील एका शनिवारची गोष्ट. कॉलेजातले तास आटोपून मी घरी आलो होतो. चहाचा कप हातात घेतो न घेतो तोच इंग्लंडमधील लेस्टर शहरातून माझ्या भाचीचा फोन आला. तिच्या आवाजात आनंदही होता आणि भीतीही.

"मामा, राजानं अंडं घातलं!"

राजा म्हणजे तिने पाळलेली लेपर्ड गेको जातीची पाल. पिवळसर अंगावर बिबट्यासारखे काळे ठिपके, वीतभर लांबी आणि चरबी साठवून ठेवणारी जाड शेपटी. आपल्या घरातल्या पालीला पापण्या नसतात, हिला असतात. आपली पाल भिंतीवर चढते, हिला ते जमत नाही. मूळची ही अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारत या भागातील खडकाळ, कोरड्या प्रदेशातली. कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचे काम पाहणाऱ्या एडवर्ड ब्लाइथ या प्राणिशास्त्रज्ञाने १८५४ साली तिचे पहिले शास्त्रीय वर्णन केले. आज इंग्लंड-अमेरिकेत ती पिढ्यान्‌पिढ्या माणसांच्या घरीच वाढते आहे. गाव सोडून जाणाऱ्या एका ओळखीच्या कुटुंबाने दोन महिन्यांपूर्वी आपली एक पाल काचेच्या पेटीसकट माझ्या भाचीला दिली. देताना "हा नर आहे" असे सांगितले, म्हणून तिचे नाव राजा!

सकाळी पेटीतल्या कागदावर एक पांढरे, लांबट अंडे पडलेले दिसले. एका बाजूने ते थोडे चेपले होते. "बाबा म्हणतात, कापसात ठेवून टेबलाच्या दिव्याखाली ठेवू या. ठेवू का?"

मी भौतिकीचा प्राध्यापक. अंड्यांविषयीचे माझे ज्ञान आम्लेटाच्या पुढे गेलेले नव्हते. "काही करू नकोस. अंडे उचलायचे झालेच, तर आहे तसेच उचल, उलटे करू नकोस. मी विचारून सांगतो," एवढेच मी म्हणालो आणि आमच्या कॉलेजातल्या प्राणिशास्त्राच्या सहकाऱ्यांना फोन लावला. मी अंड्याचे वर्णन सुरू केले, तर त्यांनी मला मध्येच थांबवले.

"अंड्याचं राहू द्या हो. आधी मादी कशी आहे ते विचारा. आणि अंडं एकच आहे ना? मग दुसरं कुठे आहे?"

विद्यार्थी मित्रांनो, या प्रश्नापासून पुढचे दोन महिने मी जे शिकलो, ते तुम्हांला सांगणार आहे. उष्णता, बाष्पीभवन, परासरण आणि वजनाचा हिशेब ही आपल्या पुस्तकातली निरनिराळी प्रकरणे जेमतेम तीन ग्रॅमच्या एका अंड्यात एकत्र भेटतात.

आधी आई

लेपर्ड गेकोची मादी बहुधा एका वेळी दोन अंडी घालते. पहिल्या खेपेस कधी एकच असते. म्हणून एकच अंडे दिसले, तर दुसरे पेटीत कुठे लपले आहे की पोटातच आहे, हे पाहावे लागते. पाहणे सोपे आहे. या पालीच्या पोटावरची कातडी इतकी पातळ असते, की आत असलेले अंडे पांढरट डागासारखे बाहेरून दिसते. पालीला काचेच्या भांड्यात ठेवून खालून नुसते पाहायचे. पोट दाबायचे मात्र नाही, कारण अंडे आतच फुटले तर मादी दगावू शकते.

भाचीने पाहिले. दुसरे अंडे पोटातच होते.

अंडे अडकणे हा पाळीव सरड्या-पालींच्या माद्यांना होणारा मोठा धोका आहे. त्याची कारणे साधी असतात. पहिले कारण म्हणजे कॅल्शियमची उणीव. अंड्याच्या कवचासाठी मादीच्या शरीरातले कॅल्शियम खर्च होते. आहारातून ते पुरेसे मिळाले नाही, तर ते हाडांतून काढले जाते. पण स्नायूंच्या आकुंचनालाही कॅल्शियमच लागते. म्हणजे ज्या स्नायूंनी अंडे बाहेर ढकलायचे, त्यांचाच शिधा कवचावर खर्च झालेला असतो! दुसरे कारण तापमान. आपले शरीर स्वतःचे तापमान ३७ अंश सेल्सिअस राखते, पालीचे शरीर तसे करत नाही. पेटी गार असेल तर तिचे स्नायूही मंद होतात. तिसरे कारण म्हणजे योग्य जागा नसणे. मादीला ओलसर, उकरता येईल अशी अंधारी जागा हवी असते. ती मिळाली नाही, तर ती अंडे रोखून धरते. राजाच्या पेटीत तर नुसता कोरडा कागद होता.

सहकाऱ्यांनी सांगितले तसे भाचीने आणि ताईने केले. प्लॅस्टिकच्या एका झाकणाच्या डब्याला बाजूने भोक पाडले, आत ओले करून पिळलेले शेवाळ भरले आणि तो डबा पेटीच्या उबदार बाजूला ठेवला. तिथले तापमान ३१-३२ अंश राहील आणि दुसरी बाजू थंड राहील, अशी व्यवस्था केली, म्हणजे पालीला हवी ती जागा निवडता येते. प्यायला ताजे पाणी ठेवले. त्याच दिवशी प्राण्यांच्या डॉक्टरांनाही दाखवले. त्यांनी तपासून कॅल्शियम दिले आणि सांगितले, की मादी अजून तरतरीत आहे, तेव्हा थोडी वाट पाहू. पण तिने कुंथूनही अंडे येत नसेल, ती मलूल पडली किंवा डोळे खोल गेले, तर तासभरही थांबू नका.

ती रात्र ताईच्या घरी कोणालाच नीट झोप लागली नसावी. रविवारी पहाटे भाचीने शेवाळाच्या डब्यात विजेरीचा झोत टाकला. मादी बाहेर येऊन पाणी पीत होती आणि शेवाळात दुसरे अंडे होते, चांगले भरदार. त्या दिवशी राजाची राणी झाली.

अंडे सापडले की सगळ्यांचे लक्ष अंड्याकडेच जाते. माझेही गेले होते. पण त्या पेटीत नक्की जिवंत असलेला, आणि संकटातही असलेला प्राणी एकच होता.

नर नसताना अंडे कसे?

राणी दोन महिने एकटीच होती. मग अंडी कशी? याला दोन उत्तरे आहेत. कोंबडी जशी कोंबड्याविना अंडी घालते, तशीच पालीची मादीही घालते. अशा अंड्यांतून पिल्लू निघत नाही. दुसरे उत्तर अधिक नवलाचे आहे. पूर्वी नराशी संबंध आला असेल, तर मादी शुक्राणू आपल्या शरीरात काही महिने जिवंत साठवून ठेवू शकते. चौकशी केल्यावर कळले, की आधीच्या घरी तिच्या पेटीत आणखी एक पाल होती. तो नर असणार.

तिसरेही एक उत्तर आहे, पण ते फार क्वचित लागू पडते. इंग्लंडमधील चेस्टर येथील प्राणिसंग्रहालयात कोमोडो ड्रॅगन या महाकाय घोरपडीची फ्लोरा नावाची मादी होती. तिला नराचा सहवास कधीच मिळालेला नव्हता. तरीही २००६ साली तिने घातलेल्या अंड्यांपैकी काहींत गर्भ वाढू लागले आणि २००७ च्या जानेवारीत पिल्ले बाहेर आली. जनुकीय तपासणीत त्यांचा सगळा वारसा एकट्या आईकडून आल्याचे सिद्ध झाले. याला अनिषेकजनन म्हणतात.

अंडे फलित आहे की नाही, हे पहिल्या दिवशी बाहेरून खात्रीने सांगता येत नाही. आठवड्या-दीड आठवड्याने अंधारात, अंड्याला धक्का न लावता, बाजूने विजेरीचा बारीक झोत काही सेकंद टाकावा. फलित अंड्यात तांबूस छटा आणि कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रक्तवाहिन्या दिसतात. अफलित अंडे नुसते पिवळट दिसते.

उलटे करू नका

कोंबडी आपली अंडी दिवसातून कितीतरी वेळा उलटीपालटी करते. उबवणी यंत्रातही ती फिरवावी लागतात. पालीच्या अंड्याचे नेमके याच्या उलट आहे.

कोंबडीचे अंडे फोडल्यावर बलकाच्या दोन बाजूंना पांढऱ्या दोरीसारखे पीळ दिसतात. या दोऱ्या बलकाला मधोमध टांगून धरतात. अंडे कसेही फिरले तरी बलक आत फिरून गर्भ वरच्या बाजूला राहतो. पालीच्या अंड्यात अशा दोऱ्या नसतात. अंडे घातल्यानंतर साधारण एका दिवसात गर्भ वरच्या बाजूला आतून चिकटू लागतो. त्यानंतर अंडे उलटे झाले, तर तेथील नाजूक पडदे फाटतात किंवा गर्भ बलकाच्या भाराखाली दबतो. म्हणून अंडे सापडताच त्याच्या वरच्या बाजूला शिसपेन्सिलीने हलकीशी खूण करावी आणि ती खूण शेवटपर्यंत वरच ठेवावी. भाचीने पहिल्या अंड्यावर '१' आणि दुसऱ्यावर '२' असे आकडे घातले.

अंड्याचे वजन वाढते

आता माझ्या विषयाकडे येतो.

कोंबडीचे अंडे उबत असताना हलके होत जाते. त्याच्या कडक कवचाला हजारो सूक्ष्म छिद्रे असतात. त्यांतून पाण्याची वाफ निघून जाते. एकवीस दिवसांत अंडे आपल्या वजनाच्या सुमारे आठव्या भागाइतके पाणी गमावते. त्या जागी बोथट टोकाकडे हवेची पोकळी मोठी होत जाते आणि पिल्लू आपला पहिला श्वास तिथेच घेते.

लेपर्ड गेकोच्या अंड्याचे कवच कडक नसते. ते चामड्यासारखे लवचीक असते आणि त्यातून पाणी आत-बाहेर जाऊ शकते. अंड्यातल्या द्रवात क्षार आणि प्रथिने विरघळलेली असतात. भोवतालची माती ओलसर असेल, तर परासरणाने पाणी आत शिरते आणि अंडे फुगते. माती कोरडी असेल तर उलट घडते: पाणी बाहेर जाते आणि अंडे चेपते. कोंबडीच्या अंड्यात पिल्लाला लागणारे सगळे पाणी आईने आधीच भरून ठेवलेले असते. या पालीच्या अंड्यात ते पुरेसे नसते. उरलेले पाणी मातीकडून घ्यायचे असते. म्हणजे आईच्या कामाचा एक भाग इथे माती करते!

पहिले अंडे का चेपले होते, हे आता तुमच्या ध्यानात आले असेल. ते कोरड्या कागदावर पडले होते. कापूस आणि दिवा यांनी ते आणखी सुकले असते.

भाचीने माती म्हणून व्हर्मिक्युलाइट घेतले. अभ्रकासारखे एक खनिज तापवून फुलवले की हा हलका, स्पंजासारखा पदार्थ तयार होतो. रोपवाटिकांत तो वापरतात. १०० ग्रॅम व्हर्मिक्युलाइट आणि १०० ग्रॅम पाणी असे मिश्रण तिने केले. मूठभर मिश्रण दाबले तर ते ओलसर लागावे, पण थेंब गळू नये, ही त्याची परीक्षा. गळले तर पाणी जास्त झाले. मग कवचाभोवती पाण्याचा थर बसतो आणि आतल्या गर्भाला ऑक्सिजन मिळत नाही. झाकणाच्या पारदर्शक डब्यात हे मिश्रण पसरून, त्यात बोटाने दोन खळगे करून, अंडी अर्धी बुडतील अशी ठेवली. झाकणाला दोन बारीक भोके पाडली.

आता ओलावा टिकला आहे की नाही, हे कसे कळणार? अंडी उचलून वजन करणे तर बरोबर नाही. मी भाचीला म्हणालो, "अंड्यांचं नको, सगळ्या डब्याचंच वजन कर." स्वयंपाकघरातल्या काट्यावर अंड्यांसह डबा २९४ ग्रॅम भरला. आठवड्याने तो २९० ग्रॅम भरला. म्हणजे भोकांतून ४ ग्रॅम वाफ निघून गेली. तेवढेच, म्हणजे ४ मिलिलिटर कोमट पाणी तिने डब्याच्या कडेने, अंड्यांना न लागेल असे घातले. दर आठवड्याला हाच क्रम चालला. झाकण उघडले की तेवढ्या वेळात डब्यातली हवाही बदलत असे.

तिसऱ्या आठवड्यात तिने मला कोड्यात टाकण्याच्या सुरात विचारले, "मामा, दुसरं अंडं चांगलंच फुगलंय. मग डब्याचं वजन का वाढत नाही?"

तुम्ही क्षणभर थांबून विचार करा.

उत्तर असे, की अंड्याने घेतलेले पाणी डब्यातल्याच मिश्रणातून आलेले आहे. खिशातला रुपया एका हातातून दुसऱ्या हातात दिला, म्हणून आपण श्रीमंत होत नाही. डब्याच्या हिशेबात फक्त बाहेर गेलेली वाफ आणि बाहेरून घातलेले पाणी धरायचे. गर्भाच्या श्वसनामुळे होणारा बदल इतका थोडा असतो, की तो एक ग्रॅम लघुतम मापाच्या काट्यावर दिसणारच नाही.

मग अंड्याने किती पाणी घेतले ते कसे काढायचे? हात न लावता! झाकण उघडे असताना अंड्याच्या वर पट्टी धरून लांबी आणि रुंदी मोजता येते. लंबगोलाचे घनफळ साधारणपणे लांबी × रुंदी × रुंदी × ०.५२ इतके येते. दुसरे अंडे सुरुवातीला २८ मिलिमीटर लांब आणि १४ मिलिमीटर रुंद होते, म्हणजे सुमारे २.९ घन सेंटीमीटर. शेवटच्या आठवड्यात ते ३० मिलिमीटर लांब आणि १७ मिलिमीटर रुंद झाले, म्हणजे सुमारे ४.५ घन सेंटीमीटर. फरक १.६ घन सेंटीमीटरचा. एवढे, म्हणजे आपल्या मूळ आकारमानाच्या निम्म्याहून अधिक पाणी त्या अंड्याने भोवतालातून घेतले होते.

उष्णता: किती आणि कशी?

आता त्या टेबलावरच्या दिव्याविषयी. दिव्याने अंडे तापते हे खरे, पण कसे तापते? प्रारणाने, आणि तेही एकाच बाजूने. दिव्यापासूनचे अंतर निम्मे केले की पडणारी उष्णता सुमारे चौपट होते. बोटभर अंतर इकडेतिकडे झाले तर अंडे शिजेल किंवा गारठेल. शिवाय प्रारणाने वरचा थर सुकत जातो. गर्भाला हवी असते चहूबाजूंनी सारखी, स्थिर ऊब.

ही स्थिरता पाण्याकडून मिळवता येते. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्या उष्णतेत सुमारे साडेतीन हजार लिटर हवा एक अंशाने तापेल. म्हणून खोलीचे तापमान कमीजास्त झाले, तरी पाण्याने भरलेल्या टाकीचे तापमान फार सावकाश बदलते. समुद्रकाठच्या गावांत दिवस-रात्रीच्या तापमानात फार फरक पडत नाही, त्याचे कारणही हेच. भाचीच्या बाबांनी माशांच्या जुन्या काचटाकीत थोडे पाणी घालून त्यात माशांच्या टाकीसाठी मिळणारा, आपोआप बंद-चालू होणारा तापक बसवला. पाण्यात विटा ठेवून त्यांवर, पाण्याच्या वर राहील असा, अंड्यांचा डबा ठेवला. टाकीचे झाकण थोडे तिरके बसवले, म्हणजे त्यावर जमलेले थेंब ओघळून कडेला जातात, डब्यावर पडत नाहीत. तापमापी अंड्यांच्या शेजारीच ठेवली. पाणी आणि वीज एकत्र येतात असे काम मोठ्या माणसांनीच करायचे असते, हे सांगायला नकोच.

तापमान ठेवले २८ अंश. का? इथे निसर्गाचा एक विलक्षण नियम आहे. माणसात मुलगा की मुलगी हे गुणसूत्रांनी ठरते. लेपर्ड गेकोत ते ठरवते अंड्याचे तापमान! २६ अंशांच्या आसपास जवळजवळ सगळ्या माद्या होतात. ३२-३३ अंशांना बहुतेक नर होतात. आणि ३४-३५ अंशांना पुन्हा बहुतेक माद्याच! तापमानाबरोबर गर्भाच्या वाढीचा वेगही वाढतो. ३२ अंशांना अंडे सुमारे सहा आठवड्यांत फुटते, तर २६ अंशांना दोन महिने किंवा अधिक लागतात.

सरड्यांमध्ये अंड्याचे तापमान नर-मादी ठरवते, हे प्रथम मादलेन शार्निए या फ्रेंच संशोधक महिलेने १९६६ साली, सेनेगालमधील डाकार येथे केलेल्या कामात दाखवून दिले. पुढे कासवे आणि मगरी यांतही असेच आढळले. ऑस्ट्रेलियातल्या दाढीवाल्या ड्रॅगन सरड्यात नर-मादी एरवी गुणसूत्रांनीच ठरतात, पण अंडी फार तापली की गुणसूत्रांनी नर असलेले गर्भ मादी होतात. रानातही अशा माद्या सापडल्याचे संशोधकांनी २०१५ साली प्रसिद्ध केले. पृथ्वी तापते आहे, या वाक्याचा एक अर्थ हाही आहे.

पिल्लाचा निर्णय

सारे काही मार्गी लागल्यावर ताईने मला एक प्रश्न विचारला. "अरे, पण पिल्लं झाली तर पुढे काय?"

प्रश्न रास्त होता. लेपर्ड गेको पंधरा-वीस वर्षे जगते. पिल्लाला मोठ्या पालींपासून वेगळे ठेवावे लागते, कारण त्या त्याला खाऊही शकतात. इथे आई पिल्लाला ओळखत नाही. म्हणून अंडे उबवायचे की नाही, हा निर्णय पहिल्या एकदोन दिवसांतच करायला हवा. ज्यांना पिल्लू सांभाळणे शक्य नाही, त्यांनी अंडे घातल्याच दिवशी, गर्भ अगदी प्रारंभिक अवस्थेत असतानाच, फ्रीझरमध्ये ठेवावे. भाचीच्या घरी दुसऱ्या एका काचेच्या पेटीची सोय होती, म्हणून त्यांनी ही दोन अंडी उबवली. त्या मोसमात राणीने पुन्हा दोन अंडी घातली. ती उबवायची नाहीत, असे सर्वांनी मिळून ठरवले. राणीला कॅल्शियमची भुकटी लावलेले रातकिडे मात्र चालूच राहिले.

पहिल्या अंड्याचे काय झाले? ओलसर मिश्रणात ठेवल्यावर त्याची खोक चार दिवसांत भरून आली. भाचीला फार आशा वाटली. पण विजेरीच्या उजेडात रक्तवाहिन्या दिसल्या नाहीत, आणि तिसऱ्या आठवड्यात ते पिवळे पडून त्यावर बुरशी आली. ते अफलित होते. पाणी शिरून अंडे फुगणे ही भौतिक क्रिया आहे. तिच्यासाठी आत जीव असावाच लागतो असे नाही. हे कळायला तिला थोडे अश्रू खर्चावे लागले.

आठव्या आठवड्याच्या अखेरीस दुसऱ्या अंड्यावर घामासारखे बारीक थेंब दिसू लागले आणि ते किंचित मऊ पडले. दुसऱ्या दिवशी सकाळी कवचाला एक चीर पडली होती. पालीच्या पिल्लाला कवच फाडण्यासाठी तोंडाच्या पुढच्या भागात इवलेसे दात असतात. नंतर ते गळून पडतात. चिरेतून नाकाचे टोक बाहेर आले आणि तिथेच थांबले. भाचीला कवच कापून त्याला मदत करावीशी वाटत होती. "हात लावू नकोस," मी म्हणालो. या वेळेस मला विचारायला फोन करावा लागला नाही. पिल्लू त्या वेळी उरलेला बलक पोटात ओढून घेत असते. दुपारी ते आपले आपणच बाहेर आले: काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे, बोटाएवढे. पोटातला बलक संपेपर्यंत आणि पहिली कात टाकेपर्यंत ते काही खात नाही. चौथ्या दिवशी त्याने पहिला बारीक रातकिडा पकडला.

आपल्या अंगणात

मित्रांनो, लेपर्ड गेकोच्याच वंशातली एक जाती महाराष्ट्राच्या रानातही राहते. पण हे वाचून कोणी पाल, सरडा किंवा घोरपड पकडून घरी आणू नका. घोरपडीसारख्या प्राण्यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. आणि कायदा नसता तरी त्यांची जागा रानातच आहे. पाहायचे तर पुष्कळ काही आपल्या आसपासच आहे.

तसबिरीमागे किंवा कपाटाच्या फटीत तुम्हांला घरातल्या पालीची पांढरी, वाटाण्यासारखी दोन अंडी कधी तरी दिसली असतील. त्यांचे कवच कडक असते. त्यामुळे ती कोरड्या भिंतीवरही टिकतात. बागेतला सरडा मात्र पावसाळ्यात ओल्या मातीत खड्डा उकरतो, मऊ कवचाची अंडी घालतो आणि वरून माती दाबून निघून जातो. पावसाळाच का, हे आता तुम्ही सांगू शकाल. अशी अंडी दिसली, तर त्यांना हलवू नका. खड्डा उघडा पडला असेल, तर वरून ओलसर माती घाला आणि दूर व्हा.

करून पाहा

कोंबडीचे एक अंडे काचेच्या पेल्यात ठेवून ते बुडेल इतके व्हिनेगर घाला. कवचातल्या कॅल्शियम कार्बोनेटवर आम्लाची क्रिया होऊन कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे निघतील. एका दिवसाने व्हिनेगर बदला. दोन दिवसांनी कवच विरघळून नुसत्या पातळ पडद्यातले अंडे उरेल. ते हळुवार धुऊन पुसा. अशी तीन अंडी तयार करा आणि प्रत्येकाचे वजन करा.

पहिले अंडे साध्या पाण्यात, दुसरे मिठाच्या घट्ट पाण्यात आणि तिसरे, गळणार नाही इतपत ओल्या केलेल्या वाळूत एक दिवस ठेवा. नंतर पुसून पुन्हा वजन करा. कोणते जड झाले आणि कोणते हलके? तिसऱ्या अंड्यासाठी वाळू कमीजास्त ओली करून पाहा. वाळू किती ओली असली, म्हणजे अंडे पाणी घेऊ लागते? हात साबणाने धुवा, आणि ही अंडी खाऊ नका.

माझ्या भाचीने हा प्रयोग आपल्या शाळेत करून दाखवला. तिच्या वहीत त्या दोन महिन्यांच्या नोंदी आहेत: तारीख, तापमान, डब्याचे वजन, अंड्याची लांबी-रुंदी. पहिल्या पानावर मात्र अंड्याविषयी एकही आकडा नाही. तिथे लिहिले आहे, 'शनिवार. राजानं अंडं घातलं. आधी तिला पाणी दिलं.'